दरफाळणीच्या दिवशी दार वाजलं

"नाय! तिथं कुणीच नाय राहत! सगळे मुंबईला गेलेत!" जितेशने ठोकून दिलं.

टँकरच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून त्या घराकडे पाहिलं. खाडीच्या बांधाखालचं एकटंच कौलारू घर. दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या. अंगणातल्या दोरीवर एक कपडासुद्धा नव्हता.

"पक्का?"

"एकदम पक्का!"

ड्रायव्हर शेजारच्या माणसाकडे बघून हसला आणि टँकर घरघरत बांधावर चढला. तो दिसेनासा होताच तेजलने धाकट्या भावाच्या पाठीत धपाटा घातला.

"खोटं कशाला बोललास रे? आत याएल हाय, तिचे आजोबा हायत!"

"म्हणून तर! त्याला प्यायला पाणी पायजे होतं. म्हणजे तो जाऊन दार वाजवत बसला असता. आज त्या दाराजवळ कुणाला फिरकू देणार नाय, असा शब्द दिलाय ना आपण याएलला?"

शब्द दिला होता हे खरंच. याएल दांडेकर ही तेजलची सातवीतली मैत्रीण. गावात ज्यूंचं हे एकच घर उरलं होतं. यंदा दसरा आणि त्यांचा दरफाळणीचा सण एकाच दिवशी आला होता. काल सूर्य मावळताना दाविद आजोबांनी दार लावून घेतलं, ते आज सूर्य मावळेपर्यंत उघडायचं नव्हतं. दिवसभर उपास, पांढरे कपडे आणि प्रार्थना. वर्षभरात जे काही चुकलं, त्याची देवाकडे माफी मागायची. फोन बंद, बाहेरच्यांशी बोलणं बंद. याएलचे आईबाबा ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला गेले होते. आजोबांच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपत नव्हता, म्हणून याएल त्यांच्यासोबत थांबली होती. तिचा हा पहिलाच पूर्ण उपास! पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नव्हता.

"मी असतो तर दहा मिनिटांत देवाला म्हणालो असतो, बाबा रे, जेवून येतो!" अनुज म्हणाला. तो जितेशचा वर्गमित्र. त्याचा एक खिसा आपट्याच्या पानांनी भरलेला होता, दुसरा शेवेने.

तेजल हसली नाही. ती बांधाकडे बघत होती. "पाणी पायजे होतं तर नाक्यावर हापसा हाय. तो खाडीकडं कशाला गेला? आणि दसऱ्याला सगळे गाड्या धुतात, हार घालतात. त्याच्या नंबरावर चिखल फासलेला होता. पाहिलंत?"

शेव चावणारं अनुजचं तोंड थांबलं.

तिघं तिवरांच्या झुडपांआडून वाकून पुढे सरकले. टँकर त्या घराच्या अगदी वर, बांधावर उभा होता. मागून एक जाड नळी खाडीच्या पाण्यात सोडली होती. तिच्यातून काळपट पाणी भडभडा पडत होतं. आज गावातले सगळे होड्यांच्या पूजेला जेटीवर गेले होते, हे त्या दोघांना पुरतं माहीत असणार!

"कारखान्याचं घाण पाणी!" जितेश पुटपुटला. "आपल्या खाडीत!"

तेवढ्यात टँकरच्या पोटाखाली खाडकन काहीतरी निसटलं. नळी उडाली. पाणी बांधाच्या मातीवर पसरलं आणि जिथे पसरलं तिथून पिवळट धूर निघू लागला. ड्रायव्हर खोकत खोकत मागे पळाला. त्याच्या जोडीदाराने चप्पल तिथेच टाकली. पळता पळता दोघं थेट अनुजवर येऊन आदळले.

"ए बच्चे! हायवे किधर है?"

अनुजने झटकन हात लांब केला. "वो तिवर के पीछे से! शॉर्टकट है!"

ते दोघं तिकडे धावले. तिवरांच्या मागे ओहोटीचा चिखल होता, आणि त्यातली वाट गावच्या कोळ्यांनाच ठाऊक होती.

पण हसायला कुणालाच सुचलं नाही. समुद्रावरून वारा सुटला होता. धूर वर जात नव्हता. तो बांधावरून खाली घरंगळत होता, हळूहळू, त्या बंद घराकडे.

"अनुज, जेटीवर पळ! तात्यांना सांग!" तेजल ओरडली आणि तिने आईचा फोन काढून तात्यांना लावला. तात्या म्हणजे गावचे पोलीस पाटील.

"तात्या, टँकर फुटलाय! दाविद आजोबांच्या घराकडं धूर चाललाय!"

"अगे, ते घर रिकामं हाय! सकाळी सोनं द्यायला मी स्वतः हाका मारल्या, कुणी ओ दिली नाय. मी बंबाला फोन करतो, वीस-पंचवीस मिनटं लागतील. तुमी आधी तिथून निघा!"

"तात्या, ते आत हायत! आज ते—"

फोन कट झाला. जितेशने तिची बाही पकडली.

"ताई, मी सांगितलं म्हणून तो इथं थांबला. तिथं माणसं हायत म्हणालो असतो तर..."

"आता रडू नको! शाळेत काय शिकवलंय? ओलं फडकं!"

तिने बाटलीतलं पाणी ओढणीवर ओतलं, ओढणी फाडून तिचे चार तुकडे केले. दोघं तोंडाला ओली चिंधी बांधून मागच्या दाराकडे धावले. डोळे झोंबू लागले होते. घशात कडू, करपट चव आली. गोठ्याजवळची शेळी दाव्याला हिसके देत ओरडत होती. जितेशने तिचं दावं सोडलं आणि ती सुसाट पळाली.

धाड धाड धाड!

"याएल! आजोबा! दार उघडा!" जितेश ओरडला.

आतून प्रार्थनेची संथ गुणगुण ऐकू येत होती. दार वाजताच ती क्षणभर थांबली, आणि मग आजोबांचा आवाज आणखी चढला! बाहेरचं काही कानावर पडू नये म्हणून ते मोठ्याने म्हणत होते.

"ते उघडणार नाय, ताई!" जितेश दोन्ही मुठींनी दार बडवत होता. "त्यांना वाटतंय आपण मस्करी करतोय!"

धूर अंगणाच्या कडेला पोचला. तुळतुळीत सारवलेल्या जमिनीवरून तो पुढे सरकत होता. तेजलला इतकी भीती वाटली की तिला आपलं नावसुद्धा आठवेना. आणि नेमकं त्याच वेळी तिला आठवली ती शाळेच्या सहलीतली याएल. झोपायच्या आधी डोळ्यांवर हात ठेवून ती रोज हिब्रू प्रार्थनेची एक ओळ म्हणायची. तीन रात्री शेजारी झोपून तेजलची ती पाठ झाली होती. संकटात आमच्यातलं लहान पोरही हेच म्हणतं, असं याएल म्हणाली होती.

तेजलने दाराला तोंड लावलं आणि घसा फाटेस्तोवर ती ओरडली, "शेमा इस्राएल! अदोनाय एलोहेनू! अदोनाय एखाद!"

आतली गुणगुण थांबली.

"आजोबा, मी तेजल! विषारी धूर येतोय! याएल मरेल, आजोबा!"

कडी खाडकन निघाली. दारात दाविद आजोबा उभे होते, पायघोळ पांढरा सदरा, अनवाणी पाय, छातीशी प्रार्थनेचं पुस्तक. त्यांच्या मागे याएल भिंतीला धरून उभी होती, उपासाने तिचे ओठ सुकले होते. आजोबांनी अंगणातला धूर पाहिला आणि एका क्षणात सगळं ओळखलं.

"चला! जीव वाचवायचा असेल तर देव सण मोडायला सांगतो. याएल, पुढे हो!"

पण आजोबांचे गुडघे पुढे व्हायला तयार नव्हते. दोन पावलांतच ते कोलमडले.

"मला सोडा. पोरांनो, तुम्ही पळा!"

"अजिबात नाय!" जितेश किंचाळला. वाडीतले नारळ वाहायची हातगाडी पडवीत उभी होती. त्याने ती ओढून आणली. तिघांनी मिळून आजोबांना तिच्यात बसवलं. तेजलने उरलेल्या दोन ओल्या चिंध्या दोघांच्या तोंडावर बांधल्या.

जितेश गाडी रस्त्याकडे वळवू लागला.

"तिकडं नको! धूरपण वाऱ्याबरोबर तिकडंच चाललाय! वाऱ्याला आडवं, सुरूच्या बनाकडं!"

वाळूत चाकं रुतत होती. याएल दोनदा पडली, दोनदा उठली. मागे वळून बघायची कुणाची छाती झाली नाही. आजोबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते आणि जितेश त्याच तालात गाडी ढकलत होता. सुरूच्या बनात पोचल्यावर स्वच्छ वारा लागला, तेव्हा चौघंही वाळूवर बसून नुसती खोकत राहिली. मागे कौलांवर पिवळा धूर दाटला होता. घर दिसतच नव्हतं.

मग बंब आला, डॉक्टर आले, अर्धं गाव आलं. डॉक्टरांनी चौघांना तपासून सुखरूप असल्याचं सांगितलं आणि याएलला स्वतःच्या हाताने पाणी पाजलं. अनुज तर पोलिसांच्या जीपमधून उतरला!

"सापडले! मांडीपर्यंत चिखलात रुतलेत! वाचवा वाचवा करतायत! कुठल्या कारखान्यानं पाठवलं, तेपण कबूल केलंय!"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "पोरांनो, मी फोन कापला. तुमी माझं ऐकलं असतं तर आज दोन जीव गेले असते. सगळ्या गावाला तुमचा अभिमान हाय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जितेशने मात्र मान वर केली नाही. सूर्य समुद्राला टेकला होता. तो हळूच आजोबांसमोर जाऊन बसला.

"आजोबा, तो टँकर माझ्यामुळं तिथं थांबला. घरात कुणी नाय, असं मी खोटं सांगितलं. देवाकडं माझ्यासाठीपण माफी मागाल?"

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तसं चालत नाही, बाळा. माणसाचं चुकलं तर त्या माणसाकडेच माफी मागायची. तोवर देवही माफ करत नाही."

"मग... माफ करा, आजोबा."

"केलं."

जितेश उठू लागला, तर आजोबांनी त्याचा हात धरून ठेवला.

"थांब, माझं राहिलंय. दारावर पहिली थाप पडली तेव्हाच मी तुझा आवाज ओळखला होता. तुझ्या आवाजातली भीतीही कळली होती. तरी हट्टाने आवाज चढवून प्रार्थना म्हणत राहिलो. माझी नात शेजारी बसलेली असताना!" आजोबांचे डोळे भरून आले. "जितेश, मला माफ करशील?"

एवढ्या म्हाताऱ्या माणसाने आपल्याकडे असं काही मागावं, हे जितेशने स्वप्नातही पाहिलं नव्हतं. त्याला हुंदका आवरेना. त्याने जोरजोरात मान हलवली.

"तोंडाने म्हणायला लागतं रे," याएल कुजबुजली.

"केलं, आजोबा!"

"मग माझंपण उरकून घ्या!" अनुज घाईघाईने पुढे सरसावला. "मी त्या दोघांना चिखलाची वाट दाखवली!"

"त्यांच्याकडे जाऊन माग," आजोबा डोळे पुसत म्हणाले. "पण आधी त्यांना चिखलातून बाहेर काढू दे."

सगळं बन हसलं. सूर्य बुडायला थोडाच वेळ उरला होता आणि आजोबांची शेवटची प्रार्थना बाकी होती. दोन्ही बाजूंनी तात्या आणि जितेशच्या खांद्यांचा आधार घेत ते वाळूत उभे राहिले आणि त्यांनी पुस्तक उघडलं.