बावीस कामे

पणजोबांनी कुलपे घडवली, आजोबांनी ती दुरुस्त केली, वडिलांनी त्यांच्या किल्ल्या घासल्या. आणि तिन्ही पिढ्यांत कुणी कुणापुढे हात पसरला नाही, हा त्या घराचा ताठा होता. त्यामुळे परदेशातल्या विद्यापीठाच्या अर्जावर, ‘दैनंदिन जीवनात कोणती मदत लागते?’ या प्रश्नापुढे धाकट्याने ‘काहीही नाही’ असे लिहिलेले पाहून वडिलांची छाती अभिमानाने फुगली... आणि त्याला चहा द्यायला आलेल्या थोरल्या लेकीच्या काळजात चर्र झाले.

आईविना वाढणाऱ्या त्या पोराचे पाय आठव्या वर्षी तापात लुळे पडले, तेव्हा वास्तुरचनेच्या पहिल्या वर्षातले आपले नकाशे गुंडाळून ती घरी बसली होती. अकरा वर्षे त्याला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात उचलता उचलता तिची कंबर अकाली वाकली. आणि ते सारे... काहीही नाही?

“सकाळी तुझे मोजे कुणी चढवले रे? का आपोआप चढले?”

“ताई, चिडू नकोस ना.”

“मग काय, टाळ्या वाजवू?”

धाकट्याने मान खाली घातली. “खरं लिहिलं तर ते विचारतील, सोबत कोण येणार. बाबा म्हणतील, थोरली आहेच की. तुला कधी कुणी विचारलंय? मीसुद्धा नाही. तिकडे पडेन, धडपडेन... पण तुझी आणखी वर्षं खाणार नाही.”

तिचे डोळे भरून आले. ज्याला ती कृतघ्नपणा समजली, ती माया होती!

“वेड्या, पहिल्याच दिवशी फरशीवर पडून राहशील. मदत देता यावी म्हणूनच विचारतात ते.” तिने लेखणी ओढून घेतली आणि एकेक काम लिहून काढले. बावीस भरली.

“बावीस?” वडील कडाडले. “आपल्या घराण्यात कुणी मदत मागितली नाही.”

“घेतली, बाबा. माझ्याकडून घेतली, म्हणून मोजली नाही.”

वडिलांनी यादीवरून बोट फिरवले. “यातली मला किती येतात?”

“एकही नाही.”

“दोनच वर्षं सांभाळ, मग तुला परत कॉलेजात घालतो, असं म्हणालो होतो मी. मग तुझ्याशी तो विषयच काढला नाही. तुझ्या हाताची सवय झाली घराला...” त्यांनी यादी हातात घेतली. “हा जाईपर्यंत सहा महिने आहेत. शिकव मला.”

पहिल्या दिवशी खुर्चीच सरकली. “बाबा, कुलूपवाले ना तुम्ही? आधी चाकांना कुलूप लावा,” धाकटा हसत म्हणाला. महिनाभरात ते तरबेज झाले, आणि विद्यापीठाचेही उत्तर आले, की मदतनीस मिळतील.

एकोणतिसाव्या वर्षी थोरलीला पुन्हा वास्तुरचनेच्या पहिल्याच वर्षात प्रवेश मिळाला. त्या सकाळी दुकान बंद ठेवून वडिलांनी लेकाला न्हाऊ-माखू घातले, कपडे चढवले. ती उंबऱ्याशी घुटमळली.

“निघ आता, तास चुकेल,” ते धाकट्याच्या पायात मोजे चढवता चढवता म्हणाले, “आणि संध्याकाळी लवकर यायची घाई करू नकोस.”

गेलेली वर्षे कुणाला परत देता येत नाहीत. दिलेला शब्द तेवढा पाळता येतो. नऊ वर्षे थकलेले ते शब्दाचे ऋण त्या सकाळी पुरते फिटले.