लिचवर्डांचा जावई

हेस्टरच्या घराण्याच्या जमिनीला एक अट चिकटलेली होती: मुलगा नसेल, तर जावयाने लिचवर्ड हे आडनाव लावायचं. हेस्टरशी लग्न करताना अँब्रोज पिमने आनंदाने सही केली. इंग्लंडातल्या नॉरफोकात अशा अटी नव्या नव्हत्या, आणि पिम हे नाव गेलं म्हणून रडणारंही कुणी नव्हतं.

सही झाली आणि गाव एकदम गोड वागू लागलं. खाटीक चांगला तुकडा राखून ठेवी. म्हाताऱ्या वाटेत थांबवून त्याचा हात हातात घेत. आडनावाचा अर्थ विचारला, की मात्र सगळे हवापाण्यावर येत.

आठवड्यातच सासरा गेला. म्हाताऱ्याने अख्खं आयुष्य चर्चच्या दफनभूमीत काढलेलं. 'बाबांना तिथेच करमतं,' असं हेस्टर सांगायची. भरदुपारी त्याला तिथेच पुरलं. मंडळी पांगल्यावर अँब्रोजने थडगी खणणाऱ्या थॅकरला गाठलं.

"लिचवर्ड म्हणजे काय हो?"

"मढ्यांचा राखणदार, साहेब." थॅकर फावडं पुसत होता. "शेवटी पुरलेल्याने पुढचा येईतो फाटकाशी पहारा द्यायचा, ही जुनी रीत. आपल्या गावच्या मेलेल्यांना तो त्रास नाही. लिचवर्ड जिवंतपणीच उभा राहतो. जमीन त्याबद्दलच मिळालीय ना! बाईसाहेब बोलल्या नाहीत?"

अँब्रोज हसला. थॅकर हसला नाही. फावडं खांद्यावर टाकून तो फाटकातून निघून गेला.

अँब्रोजही निघाला. फाटक उघडंच होतं. त्याने बाहेर पाऊल टाकलं आणि समोर थडगी होती.

वळला. पुन्हा बाहेर पडला.

थडगी.

सातव्या खेपेला तो फाटकाशीच थांबला. फाटकापलीकडे हेस्टर उभी होती. हातात बापाचा जाड कोट.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

अँब्रोजच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं नव्हतं ते. या बाईवर त्याने डोळे मिटून विश्वास टाकला होता.

"गिरणीवाला ह्यू तुझ्यासाठी झुरत होता. त्याला सोडून मला का पत्करलंस?"

"त्याच्यावर माझा जीव आहे," हेस्टर म्हणाली. "त्याला इथे कसा उभा करू?"

तिने कोट फाटकावरून आत दिला. "घाल. इथे गारठा फार. बाह्या आखूड केल्यात मी."

त्याने यंत्रासारखा तो चढवला. बाह्या बरोब्बर मनगटाशी आल्या.

"कधी केल्यास?"

"तुला पहिल्यांदा पाहिलं ना," ती म्हणाली, "त्याच आठवड्यात."