नैवेद्याचा शब्द

कंठीवाल्या माणसाचा पहिला शब्द ऐकायचा नसतो, हे मिरजेत शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. आधी नुसते ओठ हलायचे आणि दुसऱ्या शब्दापासून फोन बोलू लागायचा.

कंठी म्हणजे गळ्याला बांधायची मऊ पट्टी. आजारात ज्यांचं स्वरयंत्र काढलं, त्यांच्याही मेंदूकडून 'बोल' हा हुकूम गळ्याच्या नसांपर्यंत येतच असतो. कंठी तो टिपते आणि फोन त्याचा आवाज करतो, तोही त्या माणसाच्या जुन्या आवाजात. फोनमधली 'मुक्तकंठ' ही प्रणाली कुणा कंपनीची नव्हती. आपापली नोकरी सांभाळून लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या मंडळींनी ती लिहिली, आणि सगळ्यांना फुकट खुली केली. फुकटची म्हणून तिचे नखरेही सोसायचे! बॅटरी वाचवायला फोन जरा शांतता मिळाली की डुलकी घ्यायचा, आणि जागा होईपर्यंत पहिला शब्द गिळून टाकायचा.

ह्या मंडळींतल्या रेहाना मुल्लानं तोडगा सुचवला: बोलण्याआधी एक बिनकामाचा शब्द टाका. लोकांनी त्याचं बारसं केलं, 'नैवेद्य'. आधी यंत्राला दाखवायचा, मग आपण जेवायचं.

कुणी 'हं' म्हणे, कुणी 'राम'. एक कारकून तर वर्षानुवर्षं साहेबाला नैवेद्यात शिवीच वाहत होता. परवा नवी आवृत्ती आली, पहिला शब्दही ऐकू येऊ लागला, आणि त्याची जी काही पंचाईत झाली म्हणता! आमचा न ऐकू येणारा नैवेद्य परत द्या म्हणून रेहानाच्या मागे सगळे हात धुऊन लागले. घ्या, दुरुस्त केलं तरी बोंब!

दिगंबर मोहिते मात्र रेहानाकडे त्यासाठी आले नव्हते. एसटी डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. पूर्वी कंठीवाल्या बायकोला, मालतीबाईंना, घेऊन यायचे आणि भांडायचे, "पोरी, पहिल्या सेल्फला उठत न्हाई त्याला इंजिन म्हणत्यात व्हय?" मालतीबाई जाऊन चार महिने झाले होते. आज मोहित्यांनी रुमालातून तिची कंठी आणि फोन काढून टेबलावर ठेवला.

"जुनं बोलणं बी ऐकू येतं म्हणत्यात. खरं हाय?"

"फोन झोपायचा काका, कंठी कधीच झोपत नव्हती," रेहाना म्हणाली. "ती शेवटच्या काही दिवसांचं सगळं साठवून ठेवते. नवी आवृत्ती तो साठा पहिल्या शब्दापासून वाचते."

"मग त्या दुपारचं लाव." ते खुर्चीत नीट बसले. "मी वराडलो हुतो तिच्यावर. म्हटलं, अर्धं बोलणं यंत्र खातंय, बोलायचं तर नीट बोल, न्हाईतर बोलूच नको. आणि अंगणात स्कूटर खोलून बसलो. ती आत गेली, ती गेलीच. तिनं हाक मारली का न्हाई, एवढंच सांग."

"ऐकून काय होणार, काका?"

"हाक नसंल तर रुसून गेली. असंल तर मी बहिरा. दोन्हीकडनं गुन्हेगार मीच. पण कुठला, ते कळू दे."

रेहानानं साठा उघडला. आधी सकाळचं लागलं. मालतीबाईंचा भरदार, आजाराआधीचा आवाज: "दिगंबर, अहो, चहा निवतोय."

मोहिते दचकले. "हे काय? माझं नाव?"

"त्यांचा नैवेद्य असेल."

"दिगंबर, अहो, चष्मा कपाळावर आहे तुमच्या."

म्हातारा हसला आणि हसता हसताच रडू लागला. "लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच गं. जन्मभर 'अहो'. आणि माझ्या तोंडावर रोज..." त्यांनी नाक पुसलं. "लाव फुडचं."

रेहानानं दुपारचं लावलं.

"दिगंबर."

मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं पुन्हा, "दिगंबर." पुन्हा शांतता.

रेहानाच्या ध्यानात आलं. मालतीबाईंमध्ये त्राण नावापुरतंच उरलं होतं. ऐकू जाणाऱ्या 'अहो'पर्यंत ते पोचतच नव्हतं.

"मधी का थांबती?" मोहित्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं, पण जमलं नाही. "तुम्ही येताय का बघत असतील, काका. तेवढ्यात फोन पुन्हा झोपत होता, आणि नाव गिळत होता."

"दिगंबर."

"आलो," मोहिते उठले. "आलो गं, आलो." दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. पुढे कुठे जायचं ते त्यांना कळेना.

रेहानानं फोन बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," ते पाठमोरेच म्हणाले. "आत्ता कुठं पहिल्या सेल्फला उठलाय."