उजवीकडची बोटं

तीस वर्षं मी साप्ताहिकात विनोदी सदर लिहिलं. थापा मारणं हाच धंदा. त्यामुळे 'ही गोष्ट खरी आहे' असं सांगायला माझ्याइतका नालायक माणूस जिल्ह्यात सापडणार नाही.

तरी सांगतो. खरी आहे.

मेहकर. गेल्या वर्षीचा एप्रिल. मंगळवार, दुपारचे तीन. भुतं रात्री येतात अशी माझीही समजूत होती.

अर्जुनराव माझा शाळेपासूनचा मित्र. पक्षाघातानं त्याचा उजवा हात गेला, वाचा गेली. मान सारखी थरथरायची, त्यामुळे हो म्हणतोय की नाही, तेही कळेना. मोबाइलवर डाव्या हाताचं थरथरतं बोट ठेवलं की पाच अक्षरं एकदम उमटायची.

त्याची बायको कलाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. ती टायपिंगचा क्लास चालवायची. लाकडी पट्टी टेबलावर तीनदा आपटायची आणि ओरडायची, "बोटं जागेवर!" सगळा वर्ग एका तालात सुरू.

घरातही तीच शिस्त. अर्जुनला काही विचारलं की उत्तर कलाबाईचं. "ह्यायले काय विचारता? मले विचारा. बिनसाखरेचा चहा लागते ह्यायले."

मी त्यावर दोन सदरं लिहिली होती. अर्जुन नुसता हसायचा.

त्या दुपारी त्याची मुलगी भार्गवी क्लासमधला जुना कॉम्प्युटर घेऊन बसली होती. त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं. चित्रं नाहीत, काही नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं.

"काका, ही फाइल म्हणजे कीबोर्डचा नकाशा. कोणतं बटण दाबलं की काय उमटेल, ते आपण ठरवायचं. सगळी अक्षरं मी डावीकडे आणली."

"आणि उजवीकडची बटणं?"

"त्यांच्यापुढे लिहिलं, काहीच नाही. बाबांचा उजवा हात चुकून पडला तरी अक्षर उमटणार नाही. मेली ती बटणं."

तिनं नकाशा चढवला. अर्जुनची डावी बोटं हळूहळू चालली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

chaha. sakhar jast.

भार्गवी रडायलाच लागली. चाळीस वर्षांत त्याचं पहिलं स्वतःचं मत.

आता वातावरण हलकं करणं हा माझा जुना रोग. कलाबाईची पट्टी शेल्फवरच होती. मी ती उचलली आणि हुबेहूब तिच्या आवाजात...

ठक. ठक. ठक.

"बोटं जागेवर!"

अर्जुन हसला नाही.

पंखा फिरत होता. आणि मग...

टक. टक. टक. टक.

अर्जुनची डावी बोटं स्थिर होती. उजवा हात मांडीवर पडलेला.

उजवीकडची बटणं एकेक करून खाली जात होती... एका तालात.

पडद्यावर काहीच नाही. मेलेली बटणं ना ती!

"कीबोर्ड जुना आहे, काका. खराब झाला असेल," भार्गवी म्हणाली. तिचा आवाज मात्र नवीनच होता.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चौकशी करायची सवय!

"तुझा नकाशा काढ. नेहमीचा टाक. काय टाइप होऊन राह्यलं ते पाहू तरी."

तिनं काढला.

टक. टक...

mi lihin

मी लिहीन. सगळी अक्षरं उजव्या हाताची.

भार्गवीनं घाईघाईनं आपला नकाशा परत चढवला. फाइल उघडून पाहिली. अक्षरन् अक्षर तिनं लिहिलं तसंच. उजवीकडे सगळीकडे 'काहीच नाही'.

पण आता डावी बटणं मेली होती.

अर्जुन दाबत होता. दाबतच होता. एकही अक्षर उमटेना.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुसऱ्या दिवशी नवा कीबोर्ड आणला. मग भार्गवीनं पुण्यात नोकरीसाठी वापरायची तो स्वतःचा लॅपटॉप दिला.

सगळीकडे तेच.

पट्टी मी पहिल्याच संध्याकाळी बुलढाण्याला घरी आणली. कपाटात घातली, कुलूप लावलं. एवढंच हातात होतं.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. अर्जुन अर्धा झालाय. भार्गवी नोकरी सोडून तिथेच राहते. तिनं कपात दूध ओतलं.

"बाबा, साखर टाकू?"

टक. टक. टक.

nko

अर्जुनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"हे मशीन उचलून फेक ना!" मी म्हणालो.

"फेकलं होतं, काका. मग रात्रंदिवस नुसतं टेबलावर टकटक व्हायचं. मशीन असलं की निदान आई काय म्हणते ते कळते."

मी अर्जुनच्या कानाशी वाकलो. "तुला काय सांगायचंय रे? मी इथेच बसतो. कितीही वेळ लागू दे."

त्यानं डावं बोट उचललं. एका बटणावर जोर लावला... पुन्हा लावला... नख पांढरं पडलं.

पडदा कोरा.

आणि तेवढ्यात टेबलावर...

ठक. ठक. ठक.

पट्टी माझ्या कपाटात. किल्ली माझ्या खिशात.

अर्जुनच्या डाव्या हाताची थरथरणारी चार बोटं एकदम स्थिर झाली. उचलली गेली... आणि आपापल्या बटणावर जाऊन बसली.

निमूट.

मी चहा न घेताच निघालो. ती नक्कल माझी होती, हे भार्गवी मला अजून एकदाही बोललेली नाही.