नळीचं झाकण

आमच्या मधल्याची एक खोड मला मुळीच खपत नाही. राहतो माझ्या घरात आणि मलाच दरडावतो, "ताई, त्या पितळेला हात लावायचा नाही."

मी चौथी शिकलेली बाई. पण डोळे-कान शाबूत आहेत. पुढचं सगळं माझ्यासमोर झालंय, भरदिवसा. पटलं तर वाचा, नाहीतर पान उलटा.

आई गेल्यावर दोन्ही भावांना मीच वाढवलं. मधला नौदलात कप्तान झाला. युद्धात त्याच्या हाताखाली एक विनाशिका होती. धाकटा त्याच बोटीवर, खाली इंजिनात.

बोटीला टॉर्पेडो लागला. मधल्याने इंजिनाकडची पोलादी दारं लावायला सांगितली, पाणी अडवलं आणि बुडती बोट ओढत बंदरात आणली. दोनशे माणसं वाचली. त्याला पदक मिळालं.

धाकटा आला नाही.

"स्फोटातच गेला, ताई. त्याला कळलंसुद्धा नाही."

मधल्याच्या या एका वाक्यावर मी बावीस वर्षं झोपले.

पुढे बोट भंगारात निघाली, तेव्हा त्याला आठवण म्हणून बोलायची नळी दिली. म्हणजे नुसतं तिचं तोंड, वीतभर पितळ. कप्तान वर ब्रिजवर उभा राहून त्यातून इंजिनातल्यांशी बोलायचा. तोंडाला झाकण, झाकणात शिट्टी. खालच्याने फुंकलं की वर शिट्टी वाजते. मग झाकण काढायचं आणि ऐकायचं.

ती त्याने बैठकीच्या भिंतीवर ठोकली. मागे नुसत्या विटा.

गेल्या मंगळवारी पदकावर लिहायला कोणी पत्रकार येणार होता. चार वाजून गेलेले. मधला अंघोळीला गेलेला. म्हटलं, पितळ तेवढं घासून टाकू.

झाकण काढलं...

आत कापूस. बोळ्यावर बोळा, ठासून भरलेला.

जी नळी कुठेच जात नाही, तिच्यात कापूस कशाला?

सगळा उपसला. शेवटचा बोळा ओला निघाला... त्याला जळक्या तेलाचा वास होता.

झाकण परत बसवलं. घड्याळात सव्वाचार.

...आणि शिट्टी वाजली.

दोन आखूड, एक लांब.

लहानपणी उशीर झाला की धाकटा अशीच शिट्टी मारायचा. मी गुपचूप मागचं दार उघडावं म्हणून.

झाकण काढून कान लावला. आतून गरम वारा आला. मग पाण्याचा आवाज... मग लोखंडावर ठोकल्याचा...

"ब्रिज, इंजिन रूममधून बोलतोय. सहाजण आहोत. पाणी गुडघ्याला आलंय."

आणि मग, हळूच...

"दादा, आहेस ना?"

वळले तर मधला दारात. अंगावरून पाणी निथळतंय. झाकण हिसकायला धावला. मी ते मुठीत धरलं.

"हा स्फोटात गेला होता ना?"

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"किती वेळ बोलत होता?"

"पाणी गळ्याला येईपर्यंत."

"मग?"

"मग मी झाकण लावलं, ताई. ऐकवत नव्हतं."

पत्रकाराला मी दारातूनच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आणून भिंत फोडली. विटा, दुसरं काही नाही. नळी उपटून टेबलावर ठेवली. तरी सव्वाचारला शिट्टी आलीच.

बुधवारी पाणी मांडीला होतं.

गुरुवारी कमरेला.

काल छातीला...

आज शनिवार. चार वाजलेत. गळ्यानंतर काय, मला माहीत नाही. मधल्यालाही नाही. त्याने ऐकलंच नव्हतं.

सकाळपासून हा पदकवाला मधला माझ्यापुढे हात जोडून बसलाय. "ताई, झाकण दे. फक्त आजचा दिवस."

झाकण माझ्या मुठीत आहे. त्याला एवढंच सांगितलं,

"दारं लावलीस, त्याबद्दल मी तुला कधीच बोलणार नाही. त्यामागे दोनशे घरं आहेत. पण झाकण लावायची वेळ तुझ्यावर कोणी आणली नव्हती. त्याने तुला विचारलं होतं, आहेस ना. खुर्ची ओढ, बैस आणि आज उत्तर दे."