बारावा अर्ज

"काळा कोट नको तुला? मग मी कशासाठी झिजले गं एवढी वर्षं?" ताईचा आवाज फाटला, आणि समोर उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीने मान खाली घातली...

वडील गेले तेव्हा ताई वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आई तर आधीच गेलेली. पुस्तकं मिटून तिने कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल मांडलं, लोकांचे अर्ज टाइप केले आणि चार वर्षांच्या या बहिणीला वाढवलं, ते एकाच आशेवर, की आपला राहून गेलेला काळा कोट हिच्या अंगावर दिसेल! आणि आता गावातल्याच लॉ कॉलेजात हक्काची जागा असताना बाईसाहेबांना हवा होता दूरच्या विद्यापीठातला अभ्यासक्रम. कायदा, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण, तिन्ही एकत्र म्हणे! धड हे ना धड ते. टेबलाची लाज वाटत असेल, दुसरं काय!

"तू म्हणशील तसं, ताई," धाकटी शेवटी म्हणाली. "प्रवेश मिळालाय, पण विद्यापीठाला नकाराचं पत्र तूच टाइप कर. आज पाच वाजेपर्यंत कळवायचंय." आणि डोळे पुसत आत गेली.

ताई यंत्राशी बसली. संदर्भ क्रमांकासाठी तिने फाईल उघडली, तर वरच धाकटीने प्रवेशासाठी लिहिलेला निबंध होता, ताईनेच टाइप केलेला. पण त्यात काय आहे ते तिला कुठे ठाऊक होतं! टाइप करताना ती नुसती अक्षरं बघायची, आणि तपासायची ती शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, म्हणजे मजकुरात मन गुंतत नाही आणि चूक निसटत नाही. अठरा वर्षांची सवय ती. आज पहिल्यांदाच तिने तो कागद सरळ वाचला.

'माझ्या ताईच्या टेबलाशी एक आजी निवृत्तिवेतनाचा तोच अर्ज घेऊन अकरा वेळा आल्या. कायदा त्यांच्या बाजूने होता, सरकारने पैसाही ठेवला होता, पण नियमच असा केला होता की त्यांच्या हाती काही पडू नये. ताईने अकराही वेळा अर्ज फुकट टाइप केला. मी नुसती वकील झाले तर बारावा अर्ज लिहीन. मला तो नियम बदलायला शिकायचंय. माझी पहिली शिक्षिका माझी ताई.'

ताईच्या डोळ्यांना धारा लागल्या. अरे देवा! काय काय मनात आणलं होतं आपण या लेकराबद्दल... कागद घेऊन ती आत धाकटीकडे गेली.

"हे मला सांगितलं का नाहीस गं?"

"तुझ्याच हातून गेलं ना ते! मला वाटलं, वाचलंस आणि तुला आवडलं नाही..."

ताईने तिला घट्ट पोटाशी धरलं. "वेडाबाई! केवढं दिलंस गं मला, आणि मी एका कोटासाठी रडत बसले!"

मग तिने होकाराचं पत्र भराभर टाइप केलं आणि न तपासताच पुढे केलं. धाकटी रडता रडता हसली. "ताई, दोन चुका आहेत!"

"असू देत. तू येतेयस हे बरोबर लिहिलंय ना? मग कर सही."