श्वाससाक्षी

त्या काळात पाणी एकाच्या अंगात साठायचं आणि धाप दुसऱ्यालाच लागायची. याचं रत्नागिरीत कुणाला काही नवल वाटेनासं झालं होतं.

"काय म्हणतंय माझं?" चहाचा पहिला घोट घेण्याआधी मिलिंद पावसकर रोज बायकोला विचारायचे.

सुचेता ओट्याला टेकून उभी राहायची, डोळे मिटायची आणि दोन-तीन श्वास घेऊन बघायची. हृदय बिघडलं होतं मिलिंदरावांचं, पण त्याची बातमी आधी तिच्या छातीत यायची. "आज जरा जड आहे हो," असं ती म्हणाली की मिलिंदराव पाणी उतरवायची जादा अर्धी गोळी निमूट गिळायचे.

हा निमूटपणा काही त्यांच्या अंगी उपजत नव्हता. उलट, आजारपणात त्यांच्याइतका लबाड माणूस अख्ख्या आळीत सापडला नसता. दुसऱ्यांदा इस्पितळात न्यावं लागलं, तेव्हा त्यांच्या खाटेशी उभ्या राहून डॉ. स्पृहा खातूंनी सुचेताला विचारलं होतं, "काकू, मोरी तुंबली की पाणी कुठं जातं?"

"मागं. स्वयंपाकघरात येतं."

"तसंच आहे हे. थकलेल्या हृदयानं रक्त नीट पुढं ढकललं नाही, की मागं फुप्फुसात पाणी भरतं. पाय सुजतात, जिना चढताना दम लागतो, उशीवर उशी घेतल्याशिवाय झोपता येत नाही. दोन-तीन दिवस आधी कळलं तर अर्ध्या गोळीत भागतं. म्हणून तर काकांना ते ओरडणारं घड्याळ दिलं होतं."

"ते तांदळाच्या डब्यात आहे," सुचेता म्हणाली. "ओरडायला लागलं की हे त्याला तांदळात खुपसतात, आणि शेजारी नार्वेकरांकडे जाऊन खारवलेला बांगडा खाऊन येतात."

"मला काय धाड भरलीय!" मिलिंदराव प्राणवायूच्या मुखवट्याआडून घरघरले.

डॉ. खातूंना हसू आलं, पण त्या असल्या काकांना पुरत्या ओळखून होत्या. त्यांचं सगळं संशोधनच अशा माणसांवर होतं. आकडे दाखवले तर माणसं आकड्यांशी भांडतात, भोंगा वाजवला तर तो बंद करतात. स्वतःच्या त्रासाकडे डोळेझाक करणाऱ्या माणसालाही घरच्या माणसाची तडफड मात्र बघवत नाही. याच एका गोष्टीवर त्यांनी आपलं यंत्र उभं केलं होतं. रोग्याच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत तांदळाच्या दाण्याएवढा एक मापक बसवायचा. तिथला दाब वाढला की तो घरच्या कुणाच्या तरी कानामागच्या पट्टीला निरोप धाडणार. पट्टी तिथली नस अशी काही चाळवणार की त्या माणसाच्या मेंदूला वाटावं, आपल्यालाच श्वास पुरत नाहीये. अशा माणसाला त्यांनी नाव दिलं होतं, श्वाससाक्षी.

"म्हणजे दम खोटाच ना?" सुचेतानं विचारलं.

"फुप्फुसं तुमची ठणठणीत राहतील. नुसती जाणीव होईल, बस."

"मग लावा की."

मिलिंदरावांनी मुखवटा बाजूला केला. "नको," ते म्हणाले. "माझी पीडा तिच्या गळ्यात कशाला?" पण त्यांचं ऐकतंय कोण! पुढं ते स्वतःही पुन्हा कधी तसं म्हणाले नाहीत, आणि हेच त्यांना नंतर फार लागलं.

यंत्र मात्र नामी निघालं. घराच्या पाखाडीवर, चिऱ्याच्या पायऱ्या चढताना, सुचेता छातीशी हात धरून मटकन खाली बसली, तेव्हा मिलिंदरावांनी तिला धरलं. आदल्या दिवशीचा बांगडा तिच्या उरावर बसलाय, हे त्यांना न सांगता कळलं. त्या दिवसापासून नार्वेकरांचं घर सुटलं, लोणचं सुटलं, पापडाकडे तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. इस्पितळातून दर आठवड्याला निरोप यायचा, 'सर्व ठीक', आणि मिलिंदराव तो फोन नार्वेकरांच्या नाकासमोर धरून म्हणायचे, "बायको लागते यासाठी, बायको!"

अशी दोन वर्षं सुखाची गेली. मग दिवाळीनंतर सुचेताचा दम वाढला. फराळातल्या चकल्यांचा हा प्रताप, असं दोघांनी ठरवून टाकलं. मिलिंदरावांनी मीठ आणखी कमी केलं. तरी ती पाखाडीवर आधी एकदा थांबायची ती आता चारदा थांबू लागली. ती थांबली की ते घरी येऊन अर्धी गोळी घ्यायचे. इस्पितळाचा निरोप 'सर्व ठीक' असाच यायचा. पाहिलंस, आपण वेळेवर गोळी घेतो म्हणून ठीक, असं ते म्हणायचे. ती उशीला टेकून बसूनच झोपू लागली, तेव्हा त्यांना तिची दया आली आणि स्वतःचा राग. ती त्यांच्या चपला घालून बाजारात जाऊ लागली, तेव्हा मात्र त्यांना गंमत वाटली.

"माझा आजार पळवलास, आता चपलाही?"

"माझ्या चावतात हो हल्ली," ती म्हणाली.

शिमग्याच्या सुमाराला मिलिंदराव न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. इस्पितळात नेल्यावर डॉ. खातूंनी तपासलं आणि त्या चक्रावल्या. काकांच्या अंगात पाणी साठण्याचं सोडाच, होतं तेही आटलं होतं. यंत्र पाणी वाढलं तरच बोलायचं. कमी झालं तर बोलायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"काका, इतक्या गोळ्या कुणी घ्यायला सांगितल्या?"

"तुम्हीच. साक्षीला दम लागला की जादा अर्धी. हिला तर रोज लागतो."

डॉक्टरांनी यंत्राची नोंद उघडली, पुन्हा पाहिली, आणि त्या खुर्चीत बसल्या. "काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मापकानं दिवाळीपासून पट्टीला एकदाही निरोप पाठवलेला नाही."

खोलीत एकच आवाज होता. सुचेता खाटेच्या पायथ्याशी उभी होती, नुसती उभी राहून धापा टाकत होती. मिलिंदरावांची नजर तिच्या पायांकडे गेली. त्यांच्या त्या मोठ्या चपलांतही तिचे पाय मावत नव्हते.

"म्हणजे ते माझंच होतं होय?" ती म्हणाली, आणि चोरी पकडली गेल्यासारखी ओशाळून हसली. "मला मेलीला वाटलंच नाही."

तिच्या हृदयाची एक झडप कधीपासून निकामी होत चालली होती. दिवाळीत दाखवलं असतं तर झडप बदलता आली असती. आता हृदयाला तेवढी शस्त्रक्रिया सोसणार नव्हती. डॉ. खातू घरी आल्या. साक्षी निरोगीच राहील असं आपण धरून चाललो, असं त्यांनी सांगितलं. नव्या पट्टीत एक दिवा बसवणार होत्या. दिवा लागला तर दम रोग्याचा, नाही लागला तर साक्षीचा स्वतःचा.

"दिव्याचं राहू दे, डॉक्टर," मिलिंदराव म्हणाले. "रोज सकाळी मी तिला विचारायचो, माझं काय म्हणतंय. एकदा तिचं विचारलं असतं तरी पुरलं असतं."

सुचेताची पट्टी काढली. कानामागं तिचा पांढुरका वण राहिला. आता सकाळचा चहा मिलिंदराव करतात. पंधरवड्यानंतर एके दिवशी त्यांनी कप तिच्या हातात दिला, समोर स्टुलावर बसले आणि धीर करून विचारलं, "काय म्हणतंय तुझं?"

तिनं सवयीनं डोळे मिटले. दोन-तीन श्वास घेतले, मोठ्या कष्टानं.

"जड आहे हो आज," ती म्हणाली. "अर्धी गोळी घ्या."

"सुचेता, मी तुझं विचारतोय."

"माझं काय असायचंय?" ती धापा टाकत म्हणाली, आणि त्यांच्या गोळ्यांच्या डबीकडे तिनं हात पुढे केला.